वडिलांच्या चोरीच्या केसपुढे अ‍ॅपवर 'डिस्पोज्ड' दिसतंय, म्हणजे केस संपली का?

रानवाट:
नमस्कार मंडळी. गावाकडे गेल्या वर्षी वडिलांची मोटारसायकल चोरीला गेली, एफआयआर झाला, चोर सापडला, गाडीपण सापडली पण ती अजून पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी आहे, सीट फाटलंय, टाकीला गंज चढलाय. तपासी अंमलदारांना विचारलं तर म्हणतात चार्जशीट पाठवली, आता कोर्टात बघा. कोर्टात गेलं की म्हणतात सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ऑनलाईन ओळख नंबर आणा, आणि तो आणायचा कुठून हे कोणी सांगत नाही. मी पुण्यात नोकरीला, म्हणून ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर आरोपीचं नाव टाकून बघितलं तर एक केस सापडली आणि तिच्यापुढे 'केस डिस्पोज्ड', म्हणजे निकाली निघाली! बाबांना वाटतंय आपल्याला न बोलावताच निकाल लावून टाकला, तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडालीय त्यांची. पोलीस, कोर्ट, जेल सगळं ऑनलाईन जोडलंय असं वाचतो, मग फिर्यादीला सगळं एका जागी का दिसत नाही?

काळाकोट:
दादा, आधी बाबांना निवांत जेवायला सांगा. तुम्हाला दिसला तो बहुतेक आरोपीचा जामीन अर्ज आहे. जामीन अर्जाला नंबर वेगळा पडतो, सीएनआरही वेगळा, आणि अर्जावर ऑर्डर झाली की तो डिस्पोज्ड दाखवतो, जामीन मिळो वा न मिळो. मूळ केस आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) म्हणून वेगळी चालते. केस टाइप काय लिहिलाय ते बघा म्हणजे खात्री होईल.

आणि नावाने शोधूच नका, एकाच नावाचे ढीगभर आरोपी असतात आणि स्पेलिंग ज्याने त्याने आपापलं टाकलेलं. अ‍ॅपमध्ये एफआयआर नंबरने शोधायची सोय आहे. जिल्हा, कोर्ट, पोलीस ठाणे निवडा, नंबर आणि साल टाका, पेंडिंग आणि डिस्पोज्ड दोन्ही तपासा. मूळ केस दिसली की तिचा १६ अक्षरी सीएनआर लिहून ठेवा, पुढच्या तारखा आणि ऑर्डरी त्याच्यावरच दिसतात.

गाडीसाठी मात्र केस संपायची वाट बघू नका!! सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन तात्पुरत्या ताब्यात, गाडी मिळावी असा अर्ज टाका. जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई देसाई केसमध्ये २००२ सालीच सांगितलंय.

फाईलवाला:
मी कोर्टात क्लार्क आहे म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. पोलिसांचं सीसीटीएनएस, कोर्टाचं सीआयएस, जेलचं ई-प्रिझन्स, शिवाय फॉरेन्सिक आणि सरकारी वकिलांची सिस्टीम, हे सगळं जोडणारी आयसीजेएस आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२२ मध्ये ३,३७५ कोटी मंजूर केले. पण तिचं लॉगिन या खात्यांच्या लोकांना, फिर्यादीला नाही. तुम्हाला पोलिसांचं पोर्टल वेगळं आणि ई-कोर्ट्स वेगळं बघावं लागतं, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं कारण ज्याची वस्तू गेली तोच बाहेर राहतो.

दुसरं म्हणजे आमच्याकडे चार्जशीट अजून कागदावर येते. आम्ही पानं तपासतो, कुठे पंचाची सही नसते, कुठे आरोपीला द्यायच्या प्रती कमी असतात, मग त्रुटी काढून गठ्ठा परत जातो. ठाण्याच्या लेखी ती 'पाठवली', आमच्या लेखी 'आलीच नाही', आणि ही मधली अवस्था तुमच्या अ‍ॅपवर कुठेच दिसत नाही. त्यामुळे ठाण्यात नुसतं 'पाठवली का' विचारू नका, जावक नंबर आणि तारीख मागा, आणि कोर्टात कोणता पैरवी अंमलदार (ठाण्याच्या वतीने कोर्टाचं काम बघणारा पोलीस) येतो ते विचारून थेट त्यांनाच भेटा.

माई_सातारकर:
रानवाट, गुन्हा १ जुलै २०२४ नंतर दाखल झाला असेल तर नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, मोबाईलवर मेसेज केला तरी चालतो. बाबांना कळवलं का? नसेल तर कलमाचा उल्लेख करून ठाणे अंमलदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख हवीच. मोबाईल नंबर पण एकदा तपासा, आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीच्या केसमध्ये एक आकडा चुकला होता आणि मेसेज भलत्यालाच जात होते.

रानवाट:
सगळ्यांचे खूप आभार. एफआयआर नंबर टाकून बघितलं, काळाकोट सर म्हणाले तसंच, तो बेल अर्जच निघाला. बाबांना लगेच फोन केला. आरसीसी मात्र कुठेच दिसत नाही, म्हणजे गठ्ठा मध्येच अडकलाय. जावक नंबर सोमवारी मागतो. पण केस नंबरच नाही तर गाडीचा अर्ज कसा टाकायचा?

काळाकोट:
चालतो हो. गु.र.नं. (म्हणजे एफआयआरचा नंबर) आणि ठाण्याचं नाव लिहून त्याच जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा. कोर्ट पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं मागवतं, बाँड घेतं. आरसी बुक ओरिजिनल, इन्शुरन्सचा कागद आणि बाबांचं आधार बरोबर ठेवा, आणि गाडी ताब्यात घेताना चासी नंबरसकट फोटो पंचांसमोर काढून घ्या म्हणजे पुढे ट्रायलला गाडी हजर करा म्हणून अडवलं जायची शक्यता कमी.