मदत हवी आहे: दोन खोल्या, २ क्विंटल गहू आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही

ओटाभर_पसारा:

नमस्कार मंडळी. कितीतरी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. मराठी आमची इंदुरी आहे, मधेच हिंदी घुसतं.

झालंय असं की रामबागेतलं जुनं घर वाटणीत गेलं आणि आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई, पाचवीतली लेक) मागच्या महिन्यात सुदामा नगरला तळमजल्यावर भाड्याने आलो. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वैपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती बोळ. जुन्या घरात माळा होता, कोठीची खोली होती, जिन्याखाली सुद्धा जागा होती, सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न कधी पडलाच नाही. इथे साधा कोनाडा नाही. वर घरमालक काकांची अट, भिंतीला एक पण खिळा ठोकायचा नाही, ड्रिलचं तर नाव काढू नका. डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलंय, गपगुमान ऐकतोय.

आता सामान सांगते. ५ रजया आणि ३ गाद्या, सासूबाईंची पितळेची भांडी भरलेली लोखंडी पेटी, सासऱ्यांची पुस्तकं (मोजली नाहीत, पण आणताना हातगाडीवाला चिडला होता), गौरी-गणपतीचं सामान, आणि सगळ्यात मोठा विषय म्हणजे वर्षाचा गहू. सासूबाई दरवर्षी उन्हाळ्यात २ क्विंटल भरतात. मी म्हटलं आई या वर्षी महिन्याच्या महिन्याला आणू, तर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ज्यांच्या घरी सासूबाई आहेत त्यांना कळेल. तर गहू येणार, दहा दिवसांत येणार.

बजेट सगळं मिळून ३००० आहे. नवीन कपाट विसरा. आणि हो, एक चूक करून बसलेय ती आधीच सांगते म्हणजे कोणी तोच सल्ला देणार नाही. आल्या आल्या घाईत ऑनलाइन रॅक मागवला, फोटोत लाकडी दिसत होता, आला तो दाबलेल्या भुश्याचा. न्हाणीच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि पंधरा दिवसांत खालची फळी भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगली. म्हणजे त्या भिंतीला ओल आहे हे पण कळलं, २२०० रुपयांत.

जुनं, सेकंडहँड, भंगारातलं, काहीही चालेल. आमच्याकडे अटाला म्हणतात भंगाराला, त्यात मला लाज वगैरे नाही. सुचवा प्लीज.

मालवी_मिरची:

मी पण इंदूरचीच, विजय नगर. गव्हासाठी २०० लिटरचा निळा ड्रम घे ना, जुना स्वस्तात मिळतो, एकदा भरला की झालं.

सुतारपक्षी:

थांबा थांबा. जुना निळा ड्रम घेऊ नका. तो कारखान्यातून आलेला असतो आणि आधी त्यात काय होतं ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं. रंग, ॲसिड, काहीही असू शकतं, कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं जात नाही. पाणी साठवून अंगणात शिंपडायला ठीक, खाण्याच्या वस्तूला नाही. रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांचं पण तेच, त्यात गणपतीचं सामान भरा, डाळ नको.

शिवाय हिशोब करा. गहू लिटरला साधारण पाऊण किलो बसतो, म्हणजे २ क्विंटलला २६० लिटर जागा हवी, एका ड्रममध्ये मावतच नाही. आणि दीडशे किलोचा ड्रम एकदा ठेवला की वर्षभर तिथून हलत नाही, खाली ओल आली तर बघणार कसं?

लष्करचा_माणूस:

ग्वाल्हेरहून. आमच्या आईचा उपाय सांगतो, तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे. तुम्ही तर इंदुरात राहता ताई, गल्लीगल्लीत शेव आणि कचोरीचा कारखाना, रिकाम्या डब्यांना तोटा नाही. एका डब्यात गहू १२-१३ किलो मावतो म्हणजे तुम्हाला १६ डबे लागतील. एकटी बाई डबा उचलू शकते, हा मोठा फायदा. किडे लागले तर एका डब्याला लागतात, सगळ्या वर्षाच्या गव्हाला नाही.

ओटाभर_पसारा:

१६ डबे!! दादा पटतंय पण ठेवू कुठे, डोक्यावर?

बडोद्याची_आजी:

पलंगाखाली गं. पलंग आहे ना? त्याच्या चारी पायांखाली विटा लाव. आमच्या दांडिया बाजारच्या घरी सगळे पलंग विटांवरच होते, आम्ही मुलं खाली लपाछपी खेळायचो. तेलाचा डबा साधारण सव्वानऊ इंच चौकोनी आणि १४ इंच उंच असतो. पलंगाखाली १६ इंच मोकळी उंची मिळाली की डबे आरामात सरकतात. सहा बाय तीनचा दिवाण असेल तर सात-सात डब्यांच्या तीन रांगा, पायांमुळे थोडे कमी धर, तरी १८ कुठे गेले नाहीत. पण डबे फरशीवर टेकवू नकोस, खाली लाकडी पट्ट्या किंवा जुन्या फळ्या टाक, पावसाळ्यात फरशीला घाम येतो तो पत्र्याला लागला की गंज. विटा पण सारख्या उंचीच्या बघून घे आणि पाय विटेच्या मधोमध बसवायचा, कडेला नाही.

आणि रजयांना जागा शोधत बसू नकोस. जुन्या साडीच्या गवसण्या शिव, त्यात रजई घट्ट गुंडाळून घाल आणि दोन्ही टोकं नाडीने बांध. लोड तयार. दिवाणावर तीन लोड ठेवले की पाहुण्यांना वाटतं काय थाट आहे, थंडीत सोडले की रजया.

ओटाभर_पसारा:

आजी तुमच्या पाया पडते!! लोडाचं ऐकून सासूबाई पण हसल्या, म्हणे आमच्या माहेरी होतं असं.

दिवाण आहे, लोखंडी, खाली ९ इंच. डब्यांचा वास कसा घालवायचा? कचोरीच्या तेलाचे असतील तर.

लष्करचा_माणूस:

तेच मुख्य काम आहे, नाहीतर पोळीला खवट वास येतो. रिकाम्या डब्याला वर फक्त छोटं भोक असतं, आधी वरचा पत्रा कापून घ्यावा लागतो. पत्र्याचं काम करणारे असतात त्यांच्याकडे न्या, ते कडा आत दुमडून देतात (नाहीतर हात कापला म्हणून समजा) आणि बिजागरीचं झाकण, कडी-कोयंडा लावून देतात. मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भरून ठेवायचा, पाणी कोमट झालं की नारळाच्या काथ्याने घासायचं, दोनदा. शेवटी कोरडं बेसन चोळून पुसून घ्यायचं, उरलासुरला चिकटपणा ते ओढून घेतं. दोन दिवस कडक उन्हात उलटे. नाक आत घालून बघा, वास आला तर परत सोडा. ज्या डब्याला आतून गंज दिसेल तो घेऊच नका.

मालवी_मिरची:

बरं ड्रमचं मागे घेतलं माझं :) पण किड्यांसाठी एक सांगते, आमच्या शेजारी गव्हात गोळी टाकतात, सल्फासची, कीड जवळ पण येत नाही.

सुतारपक्षी:

अहो कृपा करून हे घरात कुणी करू नका!! ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आहे, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं गेल्याची उदाहरणं आहेत. इथे तर डबे पलंगाखाली आणि वर लहान मुलगी झोपणार.

बडोद्याची_आजी:

गोळीची गरजच नाही. गहू कडकडीत वाळलेला पाहिजे, एवढंच. दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे, नुसता चेपला तर अजून ऊन दे. गच्चीवर दोन उन्हं द्यायची, मग रात्रभर पसरून गार होऊ द्यायचा आणि सकाळी भरायचा. गरम भरलास तर आत घाम धरतो आणि टोके तिथेच होतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला खाली-वर टाक. एरंडेल पण चोळतात, मी डाळीला चोळते, गव्हाला नाही, पीठ चिकट होतं असं माझं मत.

सुतारपक्षी:

पुस्तकांचं राहिलं. नट-बोल्टचा लोखंडी अँगलचा रॅक बघा, बंद होणाऱ्या दुकानातून किंवा लोहामंडीच्या बाजूला जुना मिळेल, बऱ्याचदा किलोवर देतात. घेताना अँगल १४ गेजचा बघा, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, २२ गेजची फळी पुस्तकांनी मधे झोपते. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आहेत का बघाच, त्या नसल्या तर रॅक पत्त्यांच्या बंगल्यासारखा हलतो.

भिंतीला ठोकायचं नाही ना, मग एक उंच रॅक घेऊ नका. कमरेएवढे दोन घ्या आणि खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात ठेवून एकमेकांना बोल्टने जोडा, एकाला दुसरा धरतो. जड पुस्तकं तळाला. पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून लावा, फरशीवर ओरखडा नाही, घरमालक खूश. ओल असलेल्या भिंतीपासून मात्र चार बोटं लांब.

लाकूडच हवं असेल तर चोइथराम मंडीत फळांची खोकी मिळतात, पण ती हलकी असतात, पुस्तकांना नाही, लेकीच्या खेळण्यांना छान. सांवेर रोडच्या कारखान्यांबाहेर पॅलेट पडलेले असतात, त्यातले परदेशातून आलेले असतील तर त्यावर एक शिक्का असतो, गव्हाच्या ओंबीसारखं चित्र आणि बाजूला अक्षरं. एचटी असेल तर ते लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं, घरात आणा. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, तिथेच सोडा. शिक्काच नसेल तर टिचकी मारून बघा, पोकळ वाजलं किंवा खाली बारीक भुसा पडला की हात लावू नका, वाळवी आणि भुंगे घरात न्याल.

मालवी_मिरची:

नगर निगमचे आरआरआर सेंटर पण बघ गं, लोक जुनं सामान देऊन जातात तिथे. तुमच्या झोनच्या ऑफिसात विचार. मला वेताची दोन टेबलं मिळाली होती.

ओटाभर_पसारा:

अपडेट द्यायला उशीर झाला, कारण हात सोड्याने सोलवटले होते (हातमोजे घाला हे कुणीच सांगितलं नाही!!).

डबे १८ आणले, गल्लीच्या तोंडाशी नमकीनवाला आहे त्याने ३५ ला एक दिला, दोन गंजके निघाले ते परत. झाकणं लावून घ्यायला डब्यापेक्षा जास्त लागले, ६० एकाचे, पण सासूबाई म्हणाल्या कडी पक्की आहे. म्हणजे डबे १५२० ला पडले. रॅक एकच मिळाला, १४ गेजचा, कमरेएवढा, ९०० ला, गंज घासून नवऱ्याने उरलेला काळा रंग मारला. दुसरा मिळेपर्यंत तो लोखंडी पेटीला बोल्टने जोडलाय, पेटीत पितळ आहे, ती काही हलत नाही.

विटांवरून मात्र राडा झाला. मी चार-चार विटा आडव्या रचल्या, दिवाण इतका उंच झाला की सासूबाईंचे पाय खाली टेकेनात, दुसऱ्या दिवशी त्या खालीच झोपल्या. मग तीनवर आणला. आता खाली साडेसतरा इंच आहे आणि पलंगापाशी फळांचं एक खोकं पालथं घातलंय पायरी म्हणून, वर बारदान ठोकलं. खोक्याला खिळे ठोकायला काकांची ना नाही.

गहू भरला परवा. सासूबाईंनी प्रत्येक डब्यावर खडूने आकडे टाकलेत, पहिल्यावर कुंकवाचं बोट. एक डबा साधारण तीन आठवडे जाईल असा त्यांचा हिशोब. काल घरमालक काका भाडं घ्यायला आले, लोडाला टेकून बसले, चहा घेतला, भिंती बघितल्या, खाली बघितलंच नाही.

रजया मार्गी, गहू मार्गी, अर्धी पुस्तकं अजून गोण्यांत आहेत. कोणाला इंदुरात दुसरा तसाच रॅक दिसला तर इथेच कळवा, ३६ बाय १५ ची फळी हवी, माझ्याकडे ५८० रुपये उरलेत.