दुसरा टच कोणाचा होता? कॉलेजातल्या सेटरांचे अनुभव

व्हॉलीबॉलची मॅच संपली की लोक स्मॅशबद्दल बोलतात, ब्लॉकबद्दल बोलतात, दोन एस (सर्व्हिसवरच थेट पॉइंट) पडल्या असतील तर त्याबद्दलही. बॉल तिथवर कोणी नेऊन ठेवला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. ते काम सेटरचं, दुसऱ्या टचला स्मॅशरसाठी बॉल उचलून द्यायचं, आणि कॉलेजात तीन वर्षं ते माझं होतं. एकदा बेस्ट सेटरची ट्रॉफी मिळाली, तर घरचा पहिला प्रश्न, "म्हणजे तू नक्की काय केलंस?" ते समजावताना झाली तेवढी दमछाक फायनलमध्येही झाली नव्हती.

म्हणून हा धागा. तुम्ही सेटर होतात, किंवा तुमच्या टीममध्ये एखादा जबरदस्त सेटर होता, तर लिहा. कौतुक चालेल, तक्रार जास्त चालेल.

सुरुवात मी करते. 5-1 मध्ये, म्हणजे पाच अटॅकर आणि एक सेटर अशा रचनेत, कोर्टवर सेटर एकच. मी मागच्या रांगेत असले की पुढे तीन अटॅकर, मी पुढे आले की दोनच. त्यातही मी चार नंबरवर (पुढे डावीकडे) असताना समोरची सर्व्हिस आली की पोटात गोळा यायचा. बॉल सर्व्हरच्या हाताला लागेपर्यंत जागा सोडायची नाही, नाहीतर ओव्हरलॅप, म्हणजे जागा चुकल्याचा फॉल्ट. लागला की नेटलगत उजवीकडे धाव, मान मात्र मागे, पासकडे, म्हणजे आपल्या पहिल्या टचकडे. पास डोक्यावर आला तर कोणीही सेट करेल हो. तो तीन मीटरच्या रेषेमागे, गुडघ्याच्या उंचीवर आला आणि तरी लेफ्टला अँटेनापर्यंत (नेटच्या कडेच्या काठीपर्यंत) उंच, सरळ बॉल गेला, तर ते सेटिंग. अशा बॉलला टाळी पडल्याचं मला तरी आठवत नाही.

*

मी मिडलला, म्हणजे नेटवर मधोमध खेळायचो. क्विकमध्ये (झटपट, बुटक्या सेटमध्ये) बॉल सेटरच्या हातात येतो तेव्हा आम्ही जवळपास हवेत असतो. आधी उडी, मग बॉल. न आला तर जगासमोर हवेत हात मारून खाली यायचं. आमचा सेटर अबोल. सर्व्हिसच्या आधी शॉर्ट्सजवळ हात नेऊन बोटं दाखवायचा, तेवढंच संभाषण. एका मॅचमध्ये पूर्ण सेटभर मी उडत राहिलो, बॉल मिळाले दोन. ब्रेकमध्ये भांडायलाच गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तू उडतोस म्हणून त्यांचा मिडल तुझ्याबरोबर उडतो. लेफ्टला सिंगल ब्लॉक मिळतोय तो कोणामुळे?" पटलं. राग मात्र गेला नाही. पुढच्या सेटचा पहिला बॉल त्याने मलाच दिला, आणि मग गेला.

*

माझी तक्रार माझ्याविरुद्धच आहे. सेमीफायनल, 24-24. पास नेटच्या फार जवळ आला, पलीकडे जाणार असं दिसलं. उडी मारून एका हाताने तो आत ओढला. सुंदर सेव्ह! तेवढ्यात त्यांच्या ब्लॉकरची बोटं बॉलला लागली आणि शिट्टी वाजली. पॉइंट त्यांना.

मी मागच्या रांगेतली होते. मागच्या रांगेतल्या खेळाडूने पुढच्या झोनमध्ये नेटच्या वर असलेल्या बॉलला हात लावला आणि तो प्रतिस्पर्ध्याला लागला, तर तो अटॅक धरतात. फॉल्ट. ब्लॉकरला हे पक्कं ठाऊक होतं, मुद्दाम बोट लावलं तिने. मला नियम पाठ होता. आपण आत्ता मागच्या रांगेत आहोत एवढंच त्या क्षणी आठवलं नाही. बाकी सगळी मॅच विसरले, ते बोट नाही विसरले.

*

आमच्या वेळी सेटर म्हणत नसत, लिफ्टर. सेट 15 चा, आणि पॉइंट फक्त सर्व्हिस आपली असताना. नाहीतर नुसती सर्व्हिस बदलायची. आपली सर्व्हिस असताना लिफ्टरने एक बॉल खराब दिला तर सर्व्हिस जायची, पॉइंट नाही. रॅली पॉइंट (सर्व्हिस कोणाचीही असो, पॉइंट) आल्यावर प्रत्येक चुकीचा पॉइंट जायला लागला. आताच्या मुलांचं काळीज मोठं म्हणायला हवं.

*

मी दुसरी सेटर. चार वर्षांत सुरुवातीच्या सहांत किती वेळा असेन? हाताच्या बोटांवर मोजता येईल. स्मॅशरला जागा दोन, मिडलला दोन. सेटरला एक. पहिली आजारी पडावी असं मनात यायचं. खोटं कशाला बोलू.

पुढे अमेरिकन सेटर लॉरेन कार्लिनीबद्दल वाचलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळताना चारही वर्षं ऑल-अमेरिका फर्स्ट टीममध्ये (देशभरातल्या कॉलेज खेळाडूंतून निवडलेल्या मानाच्या टीममध्ये) होती, 2016 चा सुलिव्हन हा हौशी खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कारही मिळाला. कॉलेजात याच्यावर काय राहिलं? तरी अमेरिकेच्या ऑलिंपिक टीममध्ये ती पहिल्यांदा दिसली 2024 ला, पॅरिसमध्ये. रौप्य मिळालं. रांग तिलाही चुकली नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

*

लिबेरो इथे, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा. पहिला बॉल सेटरनेच डिग केला (खालून उचलला) तर दुसरा टच बऱ्याचदा आमच्यावर येतो. आणि आम्ही पुढच्या झोनमधून बोटांनी सेट केला तर तो नेटच्या वरून मारता येत नाही. म्हणून रेषेच्या मागूनच उडून हात लावायचा किंवा खालून मनगटांनी बंप करायचा. तीन-चार वेळा केलं आणि सेटरला "बॉल वाकडा दिलास" म्हणणं कायमचं बंद केलं.

*

पंच म्हणून एक भर. बॉल हातातून फिरत निघाला म्हणजे डबल, हा प्रेक्षकांचा आवडता समज. फिरणं हा फॉल्ट नाही, दोन वेगवेगळे टच हा फॉल्ट. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने 2024 पासून महिलांच्या मॅचमध्ये दुसऱ्या टचला डबल देणं थांबवलंय, बॉल आपल्याच बाजूच्या खेळाडूकडे जात असेल तर. पलीकडे गेला तर शिट्टी आहेच. मला हा बदल आवडलेला नाही. स्वच्छ हात ही सेटरची कमाई होती, ती स्वस्त झाली.

*

उंची कमी म्हणून मला पुढच्या लेव्हलला कोणी घेतलं नाही. मग बीच व्हॉलीबॉलकडे गेलो. तिथे दोघंच, त्यामुळे निम्मं सेटिंग आपलंच. अमेरिकेची मिस्टी मे कॉलेजात सेटरच होती. 1998 मध्ये तिची कॉलेज टीम लाँग बीच स्टेट एकही मॅच न हरता चॅम्पियन झाली, आणि मग बीचवर तीन ऑलिंपिक सुवर्णं. माझं तसलं काही झालं नाही, पण वाळूत मजा आली.

*

मी लेफ्टचा स्मॅशर, तेव्हा टाळ्या सगळ्या माझ्याच. आता ऑफिसच्या टीममध्ये खेळतो. तिथे बॉल कधी नेटवर, कधी डोक्यामागे. परवा वैतागून कॉलेजातल्या सेटरला फोन लावला. विचारलं, तू मला नेटपासून किती लांब द्यायचास? म्हणाला, "बाकीच्यांना हातभर. तुला थोडा जास्त. तुला नेटमध्ये घुसायची सवय होती ना." चार वर्षं एकत्र खेळलो. हे मला आत्ता कळतंय.