दुर्मिळ नावाच्या मुलींनो, तुमच्या नावाची गोष्ट सांगा

परवा बँकेत टोकन घेऊन बसले होते. काउंटरपलीकडच्या बाईंनी माझा फॉर्म आधी जवळ धरला, मग लांब धरला, आणि शेवटी नुसतंच "मॅडम, पुढच्या तुम्हीच ना?" असं विचारलं. हे मला पाठ आहे. नाव वाचायचा धीर झाला नाही की माणसं 'मॅडम'वर येतात.

मी लोपामुद्रा. घरी लोपा. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'लोप' शिकवला गेला आणि त्यानंतर हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरून "लोप पावली!" असा ओरडा व्हायचा. बारशाला आत्यानं नाव ठेवलं, पुढे नावं सगळ्यांनीच ठेवली. आजीचं म्हणणं, "हे काय नाव होय? पोरीले हाक मारेपर्यंत भाजी जयून जाईन."

नाव बाबांच्या डोक्यातलं. आम्ही अमरावतीकडचे, आणि लोपामुद्रा विदर्भाच्या राजाची मुलगी, एवढं कारण त्यांना पुरलं. रुक्मिणी, दमयंती, इंदुमती याही विदर्भाच्याच, पण त्या नावांच्या बायका ओळखीत होत्या. अर्थ असा सांगतात की अगस्त्यांनी प्रत्येक प्राण्यातलं सुंदर तेवढं घेऊन तिला घडवलं, त्यामुळे त्या प्राण्यांच्या रूपाचा लोप झाला. लहानपणी ही गोष्ट फार आवडायची. कॉलेजात गेल्यावर खटकायला लागली. स्वतःसाठी बायको घडवून घेणारा नवरा म्हणजे काय!

मग महाभारतातलं वनपर्व वाचलं आणि राग निवळला. लग्नानंतर वल्कलं नेसून राहिलेली ही बाई वेळ आल्यावर अगस्त्यांना सांगते की माहेरी होती तशी शय्या आणि तसे दागिने असल्याशिवाय जमायचं नाही, आणि त्यासाठी तपही खर्ची घालायचं नाही. ऋषी निघाले राजांकडे धन मागायला. तीन राजांचा जमाखर्च पाहिला तर तिघांचाही आय आणि व्यय सारखाच! शेवटी इल्वल नावाच्या असुराकडून धन आणावं लागलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 179व्या सूक्तात तर ती स्वतःच बोलते. इतकी वर्षं रात्रंदिवस कष्ट केले, आता म्हातारपण शरीराची शोभा हरवतंय, असं नवऱ्याला ऐकवते. तेव्हापासून कुणी अर्थ विचारला की मी प्राण्यांची गोष्ट गाळते आणि जमाखर्चाची सांगते.

बंगालात आणि ओडिशात हे नाव आपल्यापेक्षा जास्त भेटतं. कोलकात्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यानं पहिल्याच फोनवर न अडखळता "लोपामुद्रा" म्हटलं, तेव्हा मी दोन सेकंद गप्पच झाले होते.

आता तुम्ही सांगा. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, आणि त्याचं पुढे काय झालं?

*

मी अपाला. आईनं संस्कृतात एम.ए. केलं, त्याची फळं मी भोगतेय. ओळख करून दिली की निम्मे लोक "आपला नाही, आपली म्हणा" हा विनोद करतात, आणि प्रत्येकाला वाटतं तो त्यालाच पहिल्यांदा सुचला.

अपाला ही अत्रिकुळातली. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात तिचं सूक्त आहे, 91वं. पाण्याला जाताना तिला वाटेत सोम सापडतो, तो ती दातांनी चावून रस काढते आणि इंद्राला देते. इंद्र प्रसन्न होतो. मग ती मागते काय? तीन ठिकाणी उगवू दे: वडिलांच्या डोक्यावर, त्यांच्या शेतात आणि माझ्या अंगावर. तिला त्वचेचा रोग होता असं परंपरा सांगते. इंद्र तिला रथाच्या भोकातून ओढून काढतो आणि तिची कातडी सूर्यासारखी उजळते. म्हणजे पदरात वर पडल्यावर बाईनं आधी बापाच्या टकलाची सोय पाहिली! मला माझं नाव याच एका कारणासाठी आवडतं.

*

अपालाताई, तुमच्या बाबांच्या टकलाचं काय झालं?

*

होते तेही गेले.

*

सगळे हसताय म्हणून लिहू का नको करत होते.

माझं नाव ठेवायला कुणाला वेद वाचावे लागले नाहीत. मी तिसरी मुलगी. नाव नकुसा. आमच्या सातारा भागात एकेका गावात दोन-दोन नकुसा, नकोशी असायच्या. पोरीचं नाव असं ठेवलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. माझ्यानंतर भाऊ झाला, त्यामुळे नाव 'लागू पडलं' असंही ऐकलंय.

ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात कार्यक्रम होऊन 285 मुलींची नावं बदलली, ते पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. मी त्या यादीत नव्हते. पुढे नोकरी लागल्यावर स्वतः प्रतिज्ञापत्र केलं, फी भरली, राजपत्रात नाव छापून आणलं. घरी कुणाला आधी सांगितलं नव्हतं. आईनं राजपत्राचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मी तुला कधी नको म्हटलं नव्हतं गं." मला माहीत आहे. नाव आजोबांनी ठेवलं होतं.

नवं नाव इथं सांगत नाही. अगदी साधं आहे, आमच्या ऑफिसातच त्या नावाच्या चौघी आहेत. हाक मारली की चौघींबरोबर मीही वळून बघते. मला तेच हवं होतं.

*

नकुसाताई नाही म्हणत, पण तुमच्यामुळे आठवलं ते लिहितो. माझ्या आजीचं नाव दगडाबाई. तिच्याआधीची तीन भावंडं पाळण्यात गेली होती. मूल राहत नाही म्हणून दगड, धोंडी, केरू, भिकी असं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे काळाला वाटतं यात नेण्यासारखं काही नाही. तुमच्या नावात नकोसेपण होतं, आजीच्या नावात उलट जिवाची भीती होती. कानाला दोन्ही सारखीच लागतात.

आजीला नावाचं काही वाटायचं नाही. आम्ही नातवंडं मात्र फॉर्मवर 'द. बा.' लिहून सुटायचो. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या दगडाबाई शेळके यांच्याबद्दल वाचलं, निजामाच्या रझाकारांशी लढलेल्या, आणि स्वतःची लाज वाटली. तोवर आजी राहिली नव्हती.

*

मी मृण्मयी. मातीची, मातीनं घडलेली. माझी तक्रार एकच. शाळेत संस्कृतच्या सरांनी सांगितलं की मृद् अधिक मय, द् चा न् होतो, म्हणून शुद्ध रूप 'मृन्मयी'. जन्मदाखल्यावर 'ण'. मी दोन वर्षं वहीवर 'न' लिहिला, मग दहावीच्या फॉर्मला परत 'ण' करावा लागला. रोमन लिपीत तर माझी पाच रूपं आहेत, विमानाच्या तिकिटावर सहावं निघालं.

*

वय वर्षं 68, म्हणून जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

माझं माहेरचं नाव इरावती. वडिलांना वाचनाचा नाद आणि इरावतीबाई कर्व्यांबद्दल फार आदर. बाई 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीवरून त्यांचं नाव पडलं. पंजाबातल्या रावीचंही संस्कृत नाव इरावतीच. इरा म्हणजे पाणी. हे सगळं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पाहुणे चहा संपेपर्यंत ऐकून घ्यायचे.

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं. मला आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. सासूबाईंना इरावती म्हणता येत नव्हतं, हेच कारण. बाई वाईट नव्हत्या, खरंच जीभ वळत नव्हती. पुढची चाळीस वर्षं मी सुनंदा. माहेरी गेलं की दारातून वडिलांची हाक यायची तेवढाच वेळ इरावती, आणि ते गेल्यावर तेही संपलं.

गंमत पुढे आहे. ह्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायला गेले तर शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या. साहेबांनी प्रतिज्ञापत्र मागितलं, की इरावती आणि सुनंदा ही एकच व्यक्ती आहे. वकिलाच्या टेबलावर सही करताना त्यानं विचारलं, "आजी, सही कोणत्या नावानं करणार?" मी इरावती अशी केली. 'रा'चा काना कुठे द्यायचा ते हाताला आठवत नव्हतं, सही वाकडी आली. आता सगळीकडे तीच वाकडी सही चालते.

*

इरावतीकाकू, नमस्कार. (हे वाचून मी उठून पाणी प्यायले.)

*

मुलगी झालीय, अकरा दिवसांची. माझ्या मनात विश्ववारा आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातली ऋषिका, 28वं अग्निसूक्त तिचं. बायको म्हणते धागा वाच आणि मग बोल. वाचला. आता काय करू?

*

लोपामुद्रा परत आलेय. अर्थ, मंडल, सूक्त बाजूला ठेवा. गॅलरीत उभं राहून, खाली मुलं खेळताहेत असं समजून, जेवायला बोलवायच्या आवाजात तीनदा हाक मारून बघा.

*

मारली. दुसऱ्या हाकेला 'विशू' झालं. खालच्या मजल्यावरचे विश्वास काका "आलो" म्हणाले.