मुंबई सोडून नाशिक की चिपळूण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो, नवऱ्याचं ऑफिस फोर्टला. आता त्याला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं, माझं काम पूर्ण घरून. मग वन रूम किचनसाठी एवढं भाडं आणि खिडकीबाहेर सतत बांधकामाची धूळ कशासाठी सोसायची? मुलीचा खोकला हटत नाही, हे खरं कारण.

सासूबाईंचा ओढा चिपळूणकडे, माणसं आपली म्हणून. पण जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आठवला की माझा पाय मागे येतो. उंचावरच्या कुठल्या भागात पाणी चढलं नव्हतं? पावसाळ्यात वीज आणि नेट टिकतं का? की हे मुंबईकरांचे लाड?

माझं मत नाशिककडे. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून पास काढून येणाऱ्यांनी जरा खरं सांगा: साडेतीन-चार तास जाऊन परत त्याच दिवशी येणं वर्षभर झेपतं का? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कुणी गाडी शेअर करून येतं का?

'गावी जा, शांतता मिळेल' एवढंच नको, प्लीज. राहून पाहिलेल्यांनी लिहा, परत आलेल्यांनी तर नक्कीच.