मदत हवी आहे: नांदूर मध्यमेश्वरला आईंना चालवेल का?

डिसेंबरात नाशिकला दोन दिवस मुक्काम आहे. एक सकाळ नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यासाठी राखून ठेवली आहे. सोबत सासूबाई (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर हळूहळू चालतात) आणि सहा वर्षांचा चिरंजीव, जो हळू चालतच नाही!

गोदावरी-कादवाच्या संगमावरचं धरण गाळाने भरत गेलं आणि त्यातून ही पाणथळ जागा तयार झाली, रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, एवढं वाचलंय. पण चालण्याबद्दल नीट काही सापडत नाही. चापडगावच्या बाजूने आत गेलं तर पाण्याकडेची वाट गोल फिरून परत गेटपाशी येते, की आल्या वाटेनेच मागे फिरायचं? मध्ये टेकायला बाकडी आहेत का? पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या पायऱ्या आईंना झेपणार नाहीत. खालूनही पक्षी दिसतात ना? दुर्बीण, गाईड तिथे मिळतात का? आणि स्वच्छतागृह, हे खरं सांगा.

फ्लेमिंगो दिसलाच पाहिजे असा हट्ट नाही. आईंना हळदीकुंकू बदक बघायचंय, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं. ते जवळून कुठे दिसेल?