पदक एकाचे, कॅमेरा दुसऱ्यावर

ए-४०२: सोसायटीच्या सर्व सभासदांस नमस्कार. काल रात्री अंतिम शर्यत संपली आणि विजेती अजून धावपट्टीवरच असताना वाहिनीने सातव्या आलेल्या आपल्या खेळाडूची मुलाखत सुरू केली. शर्यत कोणी जिंकली, हे मला सकाळच्या वर्तमानपत्रातून कळले. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे.

बी-१०४: काका, आपल्या खेळाडूकडे आपल्या वाहिनीने पाहायचे नाही, तर कोणी पाहायचे?

सी-५०३: मूळ चित्रण तटस्थ असते. ऑलिम्पिकमध्ये ते काम ओबीएस ही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००१ मध्ये स्थापन केलेली संस्था पाहते. त्यावर समालोचन चढवणाऱ्या, मुलाखती घुसवणाऱ्या आणि कात्री लावणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असतात, ज्यांनी प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेले असतात.

ए-४०२: मी कात्रीविषयीच बोलत आहे. समालोचक आपल्या खेळाडूसाठी ओरडला तर माझी हरकत नाही. परंतु २०१२ मध्ये लंडनच्या उद्घाटन सोहळ्यातील अक्रम खान यांचे नृत्य, जे २००५ च्या बॉम्बस्फोटांतील मृतांना आदरांजली मानले गेले, ते अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने वगळले आणि त्या जागी त्यांचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सची मुलाखत दाखवली. त्या प्रेक्षकांना तो प्रसंग घडल्याचेच कळले नाही.

बी-१०४: गेल्या विश्वचषकाच्या वेळी सभागृहात प्रतिस्पर्धी संघाचे राष्ट्रगीत सुरू होताच आवाज कोणी बंद केला, हेही ग्रुपला ठाऊक आहे.

ए-४०२: रिमोटची बॅटरी संपली होती, असे मी त्याच वेळी लेखी कळवले आहे.

सी-५०३: पुन्हा नम्रपणे सांगतो, मूळ चित्रण तटस्थ असते.

डी-२०२: भाऊ, ते आम्ही वाचले. पदकतक्त्याचे काय? २००८ मध्ये बीजिंगला स्पर्धा संपली तेव्हा चीनची सुवर्णपदके ५१ आणि अमेरिकेची ३६ होती. तरी एकूण पदके ११० असल्यामुळे अमेरिकी माध्यमांच्या तक्त्यात अमेरिकाच पहिली होती. ऑलिम्पिक सनदेचा सहावा नियम तर म्हणतो की ही स्पर्धा खेळाडूंमधील आहे, देशांमधील नाही. आणि वाहिनीला नावे ठेवण्याआधी आपला ग्रुपही वर सरकवून पाहावा. पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून २००८ पासूनचा ऑलिम्पिक विक्रम मोडला, त्या रात्री येथे केवळ नीरजच्या ८९.४५ मीटरची आणि त्याच्या पाच बाद फेकींची चर्चा झाली. नदीमचे अभिनंदन करणारा एकच संदेश होता, आणि त्यावर कोणी काय लिहिले ते मी उगाळत नाही.

बी-१०४: वहिनी, तो संदेश मी नंतर काढून टाकला होता.

डी-२०२: वाचून झाल्यावर.

सचिव: हा ग्रुप सूचनांसाठी आहे, याचे कृपया भान ठेवावे. रविवारचा अंतिम सामना सभागृहात दाखवला जाईल. दोन्ही राष्ट्रगीते ऐकवली जातील आणि पदकप्रदान पूर्ण होईपर्यंत वाहिनी बदलली जाणार नाही. रिमोट माझ्याकडे राहील.

सी-५०३: मूळ चित्रण मिळाले तर हा प्रश्नच उद्भवणार नाही, कारण ते तटस्थ असते.

ए-४०२: बॅटऱ्या मी आणून देईन, याची नोंद घ्यावी.