मदत हवी आहे: बेटावरचं डिझेल बंद केलं, तर ग्रिड धरून कोण ठेवणार?

सुरसागर (बडोदा)

नमस्कार मंडळी.

बडोद्यात एका डिप्लोमा कॉलेजात मी इलेक्ट्रिकल शिकवते. शेवटच्या वर्षाच्या एका गटाने प्रोजेक्टला विषय घेतलाय तो असा: मुख्य भूमीशी केबलने न जोडलेल्या बेटावर जी वीज कंपनी आज डिझेलवर चालते, तिने टप्प्याटप्प्याने कमी कार्बनच्या विजेवर कसं यायचं. विषय मुलांनी स्वतः निवडलाय, काम मनापासून करताहेत, त्यामुळे वरवरचं काहीतरी सांगून त्यांची बोळवण करायची माझी तयारी नाही. आमच्या गावात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत, विजेची उपकरणं तपासणारी ‘एर्डा’सारखी संस्था आहे, विचारायला माणसं भरपूर. पण ती सगळी मोठ्या ग्रिडची माणसं. लहान, एकट्या ग्रिडवर प्रत्यक्ष काम केलेलं कोणी मला भेटलेलं नाही. इथे मर्चंट नेव्हीतले, लक्षद्वीप-अंदमानात राहून आलेले लोक असतात, म्हणून हा धागा.

बेट काल्पनिक आहे, पण डोळ्यांपुढे लक्षद्वीपमधलं कवरत्ती ठेवलंय. मुलांनी धरलेले आकडे: दिवसाला ३०,००० युनिट, संध्याकाळचा सर्वात मोठा लोड (म्हणजे एका वेळची मागणी) २ मेगावॅट, भर दुपारी १,२०० किलोवॅट. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणून साडेसात मेगावॅट पॅनेल. मेगावॅटला चार एकर धरले तर तीस एकर. कवरत्तीचं क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ हजार एकर. तेव्हा जागा कशीबशी निघेल, उरलेलं बॅटरीवर, आणि डिझेल बंद. इतका सरळ त्यांचा पहिला कागद होता.

मी त्यांना पुराची आठवण करून दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, कितीतरी भागांत वीज बंद ठेवावी लागली. पाऊस थांबला, ऊन पडलं, गच्चीवर पॅनेल शाबूत होती, तरी त्या घरांतही पंखे बंदच. कारण घरोघरी बसवलेला साधा सोलर इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज उभं करत नाही. लाइनवर आधीपासून असलेल्या व्होल्टेजच्या मागोमाग चालतो. लाइन मेली की तोही थांबतो, आणि लाइनमनच्या जिवासाठी तसं थांबणं आवश्यकच आहे. आपल्याकडे हे व्होल्टेज आणि ५० हर्ट्‌झ देशभरातली शेकडो अवजड फिरती यंत्रं धरून ठेवतात. बेटावर ते काम दोन-तीन डिझेल जेनसेट (इंजिन आणि जनरेटरची जोडी) करतात. ते बंद केले तर पॅनेल कोणाच्या मागे चालणार?

इथून पुढे मुलांचा हिशेब बदलला, आणि माझ्या मते खरा प्रोजेक्ट इथेच सुरू झाला. समजा बेटावर प्रत्येकी १,००० किलोवॅटचे जेनसेट आहेत. भर दुपारी १,२०० किलोवॅट लोड आहे. एक सेट अचानक ट्रिप झाला तर अंधार होऊ नये म्हणून दोन चालू ठेवावे लागतात. डिझेल इंजिन फार कमी लोडवर तासन्‌तास चालवलं तर इंधन नीट जळत नाही, काजळी धरते, म्हणून ३० टक्क्यांच्या खाली नेऊ नये असं पुस्तकात असतं. म्हणजे दोन सेटचे मिळून ६०० किलोवॅट डिझेलचेच. सौरऊर्जेला जागा उरली ६०० किलोवॅट. पॅनेल साडेसात मेगावॅटची लावा नाहीतर पंधराची, भर उन्हात त्यातली बहुतेक वीज वाया. हे गणित फळ्यावर मांडल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही.

त्यात ढग. गुजरातेत पॅनेल पाटण जिल्ह्यातल्या चारणक्याच्या सोलर पार्कपासून कच्छपर्यंत विखुरलेली आहेत, एक ढग आला तर ग्रिडला कळतही नाही. बेटावर एकच ढग सगळं सोलर एका मिनिटात झाकतो.

म्हणून खऱ्या कवरत्तीकडे आम्ही पुन्हा नीट बघितलं. तिथे जानेवारी २०२४ मध्ये १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, सोबत १.४ मेगावॅट-तासाची बॅटरी. म्हणजे १,४०० युनिट. आमच्या कागदावरच्या बेटाला ती तास-सव्वा तास पुरेल. रात्र काढायला ती बसवलेलीच नसणार. माझी समजूत अशी, की अशा बॅटरीचा पहिला उपयोग ढग आला किंवा सेट ट्रिप झाला तर लगेच लोड उचलणं हा आहे, म्हणजे दुसरा सेट नुसता राखीव म्हणून फिरवत ठेवायला नको. हे बरोबर आहे का?

बाहेरची काही बेटं मुलांनी वाचून काढलीत. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ पासून ११.५ मेगावॅट पवनचक्क्या आहेत. जास्तीच्या विजेने पाणी ज्वालामुखीच्या विवरातल्या तलावात चढवतात आणि वारा पडला की टर्बाइनवर सोडतात. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी सलग २४ दिवस डिझेलशिवाय काढले. वर्षभराचा हिशेब मात्र निम्म्याच्या आसपास राहतो. ऑस्ट्रेलियातल्या किंग आयलंडवर वारा, सूर्य, बॅटरी आणि फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारं जड फिरतं चाक) मिळून वर्षाला सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत मजल आहे. स्कॉटलंडचं एग बेट तर चिमुकलं. २००८ पासून गावाच्या मालकीची वीज, प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा, आणि जास्तीची वीज गावाच्या सभागृहात गरमीसाठी वापरतात. मला हे एग फार आवडलं. पण आपल्या प्रवाळ बेटांवर ना डोंगर, ना हीटरची गरज.

तेव्हा मला हवंय ते असं. कमी लोडवर जेनसेट चालवण्याची प्रत्यक्षातली मर्यादा काय असते? डिझेल पूर्ण बंद ठेवून बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ग्रिड चालवलं तर पहिली अडचण कुठे येते? खाऱ्या हवेत पॅनेलचं काय होतं? आणि बेटावरच्या युनिटचा खरा खर्च कुठे वाचायला मिळेल?

---

खलाशी_चिपळूण

ताई, जहाज म्हणजे बेटच. मी इंजिन रूममध्ये आयुष्य काढलंय, तेवढ्यावर सांगतो.

३० टक्के हा आकडा चालेल, पण तो वेळेशी जोडून वाचा. थोडा वेळ २० टक्क्यांवर गेलं तर काही बिघडत नाही. दिवसचे दिवस तसंच ठेवलं तर एक्झॉस्टमध्ये तेलकट काजळी साठते, टर्बोचार्जर घाण होतो, लुब ऑइल खराब होतं. म्हणून कमी लोडवर चालवलेला सेट मधून मधून भरपूर लोडवर नेऊन ‘साफ’ करावा लागतो. मुलांनी आपल्या वेळापत्रकात हे धरावं: संध्याकाळी लोड चढतो तेव्हा दुपारी कमी लोडवर चाललेला सेट नीट भरून घ्यायचा, पुढच्या दिवशी दुसऱ्याची पाळी.

बॅटरीबद्दल तुमची समजूत बरोबर आहे. थंड सेट सुरू करून, सिंक्रोनाइज करून (म्हणजे चालू ग्रिडच्या तालाशी जुळवून) लोड घेईपर्यंत काही मिनिटं जातात. तेवढी मिनिटं बॅटरीने काढली की दुसरा सेट बंद ठेवता येतो. मग तुमच्या गणितात दुपारचं डिझेल ६०० वरून ३०० वर येतं आणि सौरऊर्जेला ९०० मिळतात. पहिली मोठी बचत इथेच आहे.

आणखी एक. जहाजावर प्रेफरेन्शियल ट्रिप असते. जनरेटरवर जादा भार आला की एसी, स्वयंपाकघर असे कमी गरजेचे लोड आपोआप आधी सुटतात, स्टीअरिंग गिअरला धक्का लागत नाही. बेटावरही असं करता येईल. कवरत्तीवर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प २००५ पासून आहे, दिवसाला लाख लिटरचा. टुना मासेमारी म्हटली की बर्फ लागतोच. पाणी आणि बर्फ दोन्ही साठवता येतात. ऊन असेल तेव्हा पंप आणि कॉम्प्रेसर चालवा, ढग आला तर आधी तेच सोडा. एगवाल्यांचा हीटर, आपला बर्फ.

---

रिले_टेस्टर (नाशिक)

डिझेल पूर्ण बंद केल्यावर पहिली अडचण कुठे, तर प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे बिघाड झालेली लाइन आपोआप तोडणाऱ्या व्यवस्थेत. याकडे मुलांचं लक्ष हमखास जात नाही.

शॉर्ट सर्किट झालं की फिरतं जनरेटर सुरुवातीला आपल्या रेटिंगच्या कितीतरी पट करंट ढकलतं. त्या करंटनेच फ्यूज उडतो, रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) चालतो. इन्व्हर्टरमधले सेमीकंडक्टर तेवढं सोसत नाहीत, म्हणून तो स्वतःला रेटिंगपेक्षा थोड्याच जास्त करंटवर आवरतो. मग नारळाची झावळी तारेवर पडली तरी फ्यूजला फॉल्ट आणि साधा लोड यांतला फरक कळणार नाही. तार जिवंतच राहील. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, खर्चाच्या तक्त्यात हे दिसत नाही.

उपाय दोन. बॅटरीचा ग्रिड-फॉर्मिंग (स्वतः व्होल्टेज उभं करणारा) इन्व्हर्टर मुद्दाम मोठा घ्यायचा आणि फीडरचे, म्हणजे वस्तीकडे जाणाऱ्या लाइनचे, रिले नव्याने सेट करायचे. किंवा सिंक्रोनस कंडेन्सर ठेवायचा, म्हणजे इंधन न जाळता नुसतं फिरणारं यंत्र, जे फॉल्ट करंटही देतं आणि फ्रिक्वेन्सीलाही आधार देतं. हवाईतल्या काउआई बेटाची वीज सहकारी संस्था जुन्या टर्बाइनचं जनरेटर असंच वापरते. मुलांना काउआई जरूर वाचायला सांगा. २००२ मध्ये लोकांनी कंपनी विकत घेऊन ती सहकारी केली, आणि आज निम्म्याहून जास्त वीज अपारंपरिक स्रोतांतून येते. आपल्याकडच्या सहकाराची परंपरा बघता हा भागसुद्धा अभ्यासायला हवा.

---

रत्नागिरीकर

खाऱ्या हवेबद्दल एवढंच: काच आणि पॅनेल टिकतं, जातात ते क्लॅम्प, बोल्ट, कनेक्टर आणि इन्व्हर्टरचे पंखे. जीआयवर (जस्त चढवलेल्या लोखंडावर) भरवसा नको, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस लागतं. इन्व्हर्टर बंद खोलीत ठेवा, बाहेरची हवा त्याच्या अंगावर घेऊ नका.

---

नवापुरा_बडोदा

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल का नको? आपलं दीव बघा. तेही बेटच आणि दिवसा पूर्ण सौरऊर्जेवर चालतं असं सांगतात.

---

सुरसागर

सगळ्यांचे मनापासून आभार. खलाशी काका, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. रिलेचा मुद्दा तर आमच्या कागदावर कुठेच नव्हता.

नवापुरा, दीवचं खरं आहे. २०१८ मध्ये दीव दिवसाची सगळी वीज सूर्यावर भागवू लागलं, फुदमला ९ मेगावॅटचा सोलर पार्क आहे आणि गच्च्यांवर वेगळं. पण दीव गुजरातच्या लाइनला जोडलेलं आहे. ढग आला, रात्र झाली की वीज आपल्याकडून जाते, आणि ५० हर्ट्‌झ धरून ठेवण्याची काळजीही आपल्याकडेच. म्हणून दीवचं यश मोठं असलं तरी लक्षद्वीपला ती वाट तशीच्या तशी उपयोगी नाही.

केबलचा विचार मुलांनीही केला, आणि त्यातून निघालेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातून साधारण पावणेचार युनिट. म्हणजे युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास. आपल्या देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडाही आज ०.७ च्याच आसपास आहे, कारण कोळसा. तेव्हा नुसती केबल टाकली तर विजेचा खर्च कदाचित उतरेल, पण कार्बन जवळजवळ तेवढाच. फक्त धूर बेटाऐवजी दुसरीकडे निघेल. कार्बन खरा कमी व्हायचा असेल तर बेटावरचं ऊन आणि वाराच वापरावा लागेल. शिवाय पावसाळ्यात ऊन कमी होतं तेव्हाच नैऋत्य वारा जोरात असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लहान जहाजांची ये-जा मंदावते, डिझेल आधीच साठवून ठेवावं लागतं. मुलं आता पॅनेल साडेसातवरून खाली आणून थोडा वारा घेण्याच्या विचारात आहेत.

खर्चाचा प्रश्न अजून उरलाच आहे.

---

रिले_टेस्टर (नाशिक)

खर्चासाठी संयुक्त विद्युत नियामक आयोगाचे दर-आदेश वाचा. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी हा आयोग आहे, लक्षद्वीप त्यातच येतं. युनिटमागे इंधनावर किती जातं, ग्राहकाकडून किती वसूल होतं आणि फरक सरकार किती भरतं, सगळं तक्त्यांत असतं. मुलांना एक गोष्ट समजावून सांगा: ग्राहकाचा दर खर्चापेक्षा बराच कमी असल्याने गच्चीवर पॅनेल लावून घरमालकाला फारसं वाचत नाही, वाचतं ते वीज खात्याचं आणि सरकारचं. म्हणून तिथे पॅनेल खात्यानेच लावायला हवीत. बडोद्याचा नेट मीटरिंगचा (गच्चीवरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करण्याचा) हिशेब तिथे लागू करू नका.

---

सुरसागर

हे फार उपयोगी पडलं, आजच आदेश उतरवून घेते.

खलाशी काका, आणखी एक विनंती. जहाजावर जनरेटरची तासागणिक लॉगशीट भरतात, त्यात कोणकोणते रकाने असतात ते सांगाल का? लोड, एक्झॉस्टचं तापमान, लुब ऑइलचं प्रेशर एवढं मला ठाऊक आहे. आमच्या लॅबमध्ये एक लहान जेनसेट आहे. तो वेगवेगळ्या लोडवर चालवून मुलांकडून इंधनाचं मोजमाप करून घ्यायचं आहे, म्हणजे ३० टक्क्यांच्या खाली युनिटमागे किती डिझेल जास्त जातं ते त्यांना स्वतः बघता येईल.